जमिनीतील वस्तूंचा शोध घेणारे सूक्ष्मतरंग यंत्र आणि आपली काळी जमीन

शेतात पुरलेला नळ नेमका कोठून गेला आहे, याची खूण काही वर्षांत पुसली जाते. मग चर खणताना तो फुटतो आणि ऐन ओलिताच्या वेळी काम अडते. न खणता जमिनीतील वस्तूचा ठाव घेणारी, हाताने ढकलता येण्याजोगी लहान यंत्रे आता मिळतात. त्यांचे कार्य व यवतमाळ जिल्ह्यातील त्यांची मर्यादा ग्रामसेवक व शेतकरी बांधवांनी समजून घेणे हिताचे आहे.

हे यंत्र रेडिओच्या जातीचे सूक्ष्मतरंग जमिनीत सोडते. माती आणि पुरलेली वस्तू यांचे विद्युत गुणधर्म भिन्न असले म्हणजे त्यांच्या सीमेवरून काही तरंग परततात. मध्यम ओलीच्या मातीत तरंग एका सेकंदाच्या अब्जांशात सुमारे 10 सेंटिमीटर जातो. तो 20 अब्जांश सेकंदांनी परतला, तर जाऊन येऊन 200 सेंटिमीटर अंतर झाले. म्हणजेच वस्तू सुमारे 1 मीटर खोल आहे. यंत्र पुढे सरकवीत असे प्रतिध्वनी शेजारी शेजारी मांडले की चित्र तयार होते. त्यात नळाच्या जागी कमानीसारखी आकृती उमटते. लोखंडी नळ ठळक दिसतो. प्लास्टिकचा रिकामा नळ त्या मानाने पुसट दिसतो.

तरंग किती खोल जाईल, हे जमिनीवर अवलंबून असते. 1981 मध्ये कोलंबिया या अवकाशयानावरील रडारने इजिप्त व सुदानच्या वाळवंटातील वाळूखाली दडलेली प्राचीन नदीपात्रे दाखविली. ती वाळू अतिशय कोरडी होती, म्हणूनच हे साधले. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून ती ओल धरून ठेवते. अशी माती तरंगांची शक्ती शोषून घेते. त्यामुळे ओल्या काळ्या जमिनीत एक मीटरच्या आतच चित्र अस्पष्ट होण्याचा संभव असतो.

येथेच शेतकऱ्याने सावध राहावे. जिल्ह्याच्या बहुतेक भागात काळा पाषाण आहे आणि भूजल त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. काळ्या मातीचा थर भेदून दोनशे फुटांवरचे पाणी हे लहान यंत्र दाखवू शकत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्या भरवशावर कर्ज काढून कूपनलिका खणू नये. पाण्याच्या शोधासाठी जमिनीतून वीजप्रवाह सोडून खडकाचा विद्युत रोध मोजण्याची पद्धत अधिक उपयुक्त आहे. तिचेही उत्तर अंदाजच असते. यासंबंधी 1972 साली स्थापन झालेल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

नळ शोधण्यासाठी यंत्र आणावयाचे असल्यास पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. जमीन कोरडी असताना, उन्हाळ्यात पाहणी करावी. मोठ्या भेगांमुळेही खोट्या खुणा उमटतात, हे ध्यानात ठेवावे.

2. जागा ठाऊक असलेल्या नळावर यंत्र प्रथम चालवून पाहावे. तो दिसला नाही, तर पुढील खर्च करू नये.

3. शक्य असल्यास नळ पाण्याने भरून ठेवावा; त्यामुळे तो अधिक स्पष्ट दिसतो.

4. खूण मिळाली तरी तेथे प्रथम हाताने खणून खात्री करावी.

नवा नळ पुरताना बांधावरील पक्क्या खुणेपासून अंतरे मोजून नकाशा काढून ठेवावा. हा कागद जपला, तर पुढे यंत्राची गरजच पडणार नाही.