गावाचा संघ, गावाची वर्गणी

मराठी वाचकाला स्कोप्ये हे शहर माहीत असलेच, तर ते मदर तेरेसांचे जन्मगाव म्हणून. उत्तर मॅसेडोनियाची ही राजधानी हँडबॉलच्या जगात मात्र आपल्या क्लबामुळे ओळखली जाते. २०२१ च्या शिरगणतीनुसार या देशाची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आत आहे. २०११ च्या शिरगणतीत एकट्या धुळे जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांवर आणि जळगाव जिल्ह्याची बेचाळीस लाखांवर होती. धुळे जिल्ह्याहून लहान अशा या देशातील ‘वार्दार’ क्लबाने २०१७ साली कोलोन येथे पॅरिसच्या धनाढ्य संघाला २४-२३ असे हरवून युरोपचे विजेतेपद पटकावले. २०१९ साली हंगेरीच्या वेस्प्रेम संघाला नमवून त्याने ते पुन्हा मिळवले.

हा पराक्रम एका दिवसाचा नव्हे. शहरातून वाहणाऱ्या नदीचे नाव लावणारा हा क्लब १९६१ साली स्थापन झाला. दोनच वर्षांनी, १९६३ च्या भूकंपात स्कोप्ये जवळजवळ उद्ध्वस्त झाले. शहर पुन्हा उभे राहिले आणि त्याच्याबरोबर क्लबही वाढला. युरोपच्या शिखरावर मात्र तो पोहोचला तो सर्गेई सामसोनेंको या रशियन उद्योजकाच्या पैशाने. परदेशी खेळाडू आले, विजय आले. पुढे या धनिकाने हात काढून घेतला आणि देणी थकली. दुसऱ्या विजेतेपदानंतर अवघ्या तीन वर्षांत, २०२२ साली, याच थकबाकीपायी क्लबाला युरोपीय स्पर्धेतील जागा गमवावी लागली. तरीही क्लब बुडाला नाही. देशातील स्पर्धांत तो खेळत राहिला. एका माणसाचा पैसा गेला, तरी साठ वर्षांची मुळे जमिनीत होती.

खानदेशातील वाचकाला या दूरदेशीच्या कथेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, कारण हा खेळ आपल्या शाळांना परका नाही. प्रत्येकी सात खेळाडू, चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद मैदान आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव, एवढाच त्याचा पसारा. सपाट जागा, दोन गोलचौकटी आणि एक चेंडू असला, की खेळ सुरू होतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो सध्याच्या स्वरूपात दाखल झाला, तर १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतीय प्रेक्षकांनी तो जवळून पाहिला. २०२३ साली जयपूर येथे व्यावसायिक हँडबॉलची पहिली प्रीमियर लीग झाली आणि ती ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ संघाने जिंकली. परंतु नावात महाराष्ट्र असला, तरी तो संघ झुंजला जयपूरच्या प्रेक्षकांसमोर. त्याला ‘आमचा’ म्हणणारे गाव कोणते, या प्रश्नाला उत्तर नाही.

येथेच खरी उणीव आहे. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४ पासून लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. मल्ल स्वतःच्या जिद्दीवर इतका पुढे जाऊ शकतो. सात जणांचा संघ मात्र वर्षानुवर्षे एकत्र खेळल्याशिवाय घडत नाही. शालेय स्पर्धेतील खेळाडूचे आज काय होते? प्रमाणपत्र मिळते, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षणाची आशा असते. हे सर्व योग्यच आहे. पण शाळा सुटली की संघ सुटतो. संध्याकाळी ज्या मैदानावर परतावे, असा क्लब नसतो. खेळ हा अर्जाला जोडावयाचा कागद होऊन बसतो.

जळगावात जैन उद्योगसमूहाने आपल्या क्रीडा अकादमीमार्फत क्रिकेट, बुद्धिबळ, कॅरम अशा खेळांना आश्रय दिला, ही मोलाची गोष्ट होय. तथापि प्रत्येक खेळाचा आणि प्रत्येक गावाचा भार एखाद्या उद्योगाने वाहावा, ही अपेक्षा रास्त नव्हे; आणि केवळ आश्रयावर उभे राहण्यातील धोका स्कोप्येने दाखवून दिलाच आहे.

संस्था उभारण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली; हँडबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम खेळला गेला तोही तेथेच. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर धुळेकर मंडळींनी उभे केलेले संशोधन मंडळ संस्थापकांच्या पश्चातही टिकले. जे कागदपत्रांसाठी साधले, ते मैदानासाठी का साधू नये?

आरंभ लहानच असावा. एखाद्या शाळेने संध्याकाळी मैदान खुले ठेवावे, क्रीडाशिक्षकाने माजी विद्यार्थ्यांना परत बोलवावे, शिक्षक-कारकुनांनी महिन्याला परवडेल ती वर्गणी द्यावी आणि तिचा हिशेब वर्षाअखेर फळ्यावर लिहावा. नंतर एखादा दाता आला, तर त्याचे स्वागतच आहे. तो गेला, तरी क्लब उरेल. वार्दारप्रमाणे गिरणा-पांझरेचे नाव लावणारे संघ उद्याच युरोप जिंकणार नाहीत. परंतु दहावीनंतर मैदान सोडणाऱ्या मुलाला अकरावीतही खेळावयास जागा मिळेल, आणि तूर्त तेवढे साधले तरी पुष्कळ झाले.