रिमोटची गाडी हुकूम का मोडते?

ईदीचे पैसे हातात आले की मुले रिमोटची गाडी घेतात आणि आठ-दहा दिवसांत तक्रारी सुरू होतात. गाडी मध्येच थांबते, आपोआप वळते, नाहीतर शेजारच्या मुलाच्या रिमोटवर पळते. मग 'त्याने मुद्दाम केले' म्हणून भांडण होते, अब्बा 'स्वस्तातला माल' म्हणतात आणि गाडी माळ्यावर जाते. यातल्या बऱ्याच गाड्या घरी नीट होतात. शेजारच्या मुलावर आळ घेण्याआधी दोष क्रमाने शोधावा.

सुरुवात सेलपासून. सुरू होताना मोटर एकदम जास्त वीज ओढते. सेल उतरलेले असले की त्या क्षणी व्होल्टेज घसरते आणि संदेश घेणारा रिसिव्हर बंद पडतो. गाडी थांबली की व्होल्टेज चढते, गाडी पुन्हा झटका देते. पाहणाऱ्याला वाटते, सिग्नल तुटतोय! गाडीत आणि रिमोटमध्ये दोन्हीकडे नवे सेल घाला; जुने-नवे मिसळू नका. स्प्रिंगवर हिरवट गंज दिसला तर खोडरबराने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासा.

मग खालचे लेबल वाचा. तिथे २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झ, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेले असते. २७ वाल्या स्वस्त गाड्यांची फ्रिक्वेन्सी कारखान्यातच ठरलेली असते. एकाच स्टॉलवरून दोन भावांसाठी दोन सारख्या गाड्या घेतल्या तर एका रिमोटवर दोन्ही पळणारच. त्यात मुलांचा काय कसूर? मामूंनी गाड्या आणतानाच दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या आणाव्यात. २.४ गिगाहर्ट्झची गाडी आपल्याच रिमोटशी जोडी जमवते, त्यामुळे अंगणात अशा चार गाड्याही एकत्र चालतात. जोडी जमवताना मात्र बाकीचे रिमोट बंद ठेवा. वायफायचा राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतात. त्यांच्यापासून दूर जाऊन गाडी चालवून पाहा.

अँटेनाचे हाल मुले फार करतात. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. त्या मानाने गाडीची तार आधीच आखूड असते. ती आणखी कापली की पल्ला घटतो. ती गुंडाळून मोटरजवळ कोंबू नका. रिमोटची अँटेना पूर्ण बाहेर ओढा, पण तिचे टोक गाडीवर रोखू नका. टोकाच्या दिशेला लहरी सर्वांत कमी जातात. मुले नेमके बंदुकीसारखे रोखतात!

आता खरा लपलेला चोर. गाडी उलटी धरून चाके हवेत ठेवा. मोटर बंद असताना पुढची चाके नीट वळतात, पण मोटर फिरू लागली की थरथरतात, असे दिसले आणि सेल नवे असतील, तर गडबड बाहेरून येत नाही, मोटरमधूनच येते. मोटरच्या आतल्या ब्रशवर ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी सोडते. मार्कोनीच्या काळात संदेश पाठवायला ठिणगीच वापरत. इलाज सोपा आहे: मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर डाख द्यायचा. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो दोन-चार रुपयांत मिळतो. कित्येकदा तो आधीपासून असतो, फक्त त्याचा डाख सुटलेला असतो. सोल्डरिंग मोठ्यांनीच करावे, किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे. चार्जिंगची बॅटरी फुगलेली दिसली तर गाडी चालवू नका, चार्जलाही लावू नका.

एवढे करूनही गाडी ऐकत नसेल तर रिसिव्हरची आयसी गेली असावी. स्वस्त गाडीत ती बदलण्याचा खर्च परवडत नाही. मोटर, गिअर आणि चाके मात्र काढून ठेवा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री हमखास शोधली जातात.