सोन्याचा मुलामा दिलेली फ्रेंच कांस्य घड्याळे : पुराणकथा, कारागिरी आणि तिची किंमत

प्रस्तावना :
मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. अजिंठा गाव ज्यांच्या जहागिरीत होते, त्या सालारजंग घराण्यातील मीर युसूफ अली खान (१८८९-१९४९) यांच्या संग्रहातून हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये साकारले. तेथील घड्याळांच्या दालनात फ्रेंच घड्याळेही आहेत. त्या निमित्ताने, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध व एकोणिसाव्याचा आरंभ या काळात पॅरिसमध्ये घडलेल्या मुलामायुक्त कांस्य घड्याळांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

पुराणकथांचे स्थान :
या घड्याळांवरील ग्रीक-रोमन देवता केवळ शोभेच्या नाहीत. पंखधारी वृद्ध क्रोनोस हा काळाचे, तर धनुर्धारी क्युपिड हा प्रेमाचे प्रतीक होय. काही घड्याळांत अपोलोच्या रथाच्या चाकातच तबकडी बसविलेली असते. आपल्या परंपरेतही सूर्यरथाचे एकमेव चाक म्हणजे संवत्सर मानले जाते. त्यामुळे ही कल्पना आपणास परकी वाटत नाही.

निर्मिती :
एक घड्याळ अनेक हातांतून जाई. शिल्पकार नमुना करी, ओतारी तो कांस्यात ओती, कोरीव काम करणारा तपशील उठावदार करी, मुलामा देणारा सोने चढवी आणि घड्याळजी यंत्र बसवी. म्हणून तबकडीवरील नाव बहुधा घड्याळजीचे असते, शिल्पकाराचे नव्हे. पिएर-फिलिप तोमीर (१७५१-१८४३) यांच्यासारखे थोडेच कांस्यकार नामवंत झाले.

मुलाम्याची किंमत :
सोने पाऱ्यात मिसळून केलेला लगदा कांस्यावर लावून तापवीत. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने धातूला घट्ट चिकटून राही. ती विषारी वाफ मात्र कारागिराच्या श्वासात जाई. हातापायांचा कंप व अकाली मृत्यू हे त्याचे परिणाम होत. कांस्यकार रावरिओ (मृत्यू १८१४) यांनी या कारागिरांच्या रक्षणाचा उपाय शोधणाऱ्यासाठी मृत्युपत्रात ३००० फ्रँकचे पारितोषिक ठेवले. रसायनशास्त्रज्ञ दार्से यांनी वाफ ओढून नेणाऱ्या धुराड्याची रचना सुचवून १८१८ मध्ये ते मिळविले. १८४० नंतर विद्युत-मुलाम्याचा प्रसार होऊन पाऱ्याचा वापर घटत गेला.

निष्कर्ष :
मुकुंदवाडीवरून जाणाऱ्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने आपल्या विद्यार्थ्यांना हैदराबादला अभ्याससहलीस नेता येते. तेथे इतिहासाच्या प्राध्यापकाबरोबर रसायनशास्त्राचा प्राध्यापकही असावा. सोन्याची झळाळी दाखविताना, ती चढविणाऱ्या अनाम कारागिराच्या थरथरत्या हातांविषयी सांगणे हेही अध्यापकाचे कर्तव्य आहे.