होडीचं पांघरूण

निघायला दोन दिवस उरले होते. मुलानं गॅरेजचं दार वर केलं आणि म्हणाला, "बाबा, जरा बाहेर या." आवाजावरून मला वाटलं, गाडीला काही झालं. गाडी ठीक होती. तिच्यामागे जोडायची बोट ट्रेलरवर उभी होती आणि तिच्या अंगावरच्या करड्या कव्हराला, समोरच्या काचेच्या कोपऱ्यावर, हात-दीड हात लांब चीर गेली होती. आजूबाजूचं कापड तर इतकं विरलं होतं की चिमटीत धरलं तरी उसवावं.

ही गोष्ट 2024 च्या जुलैतली, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली. पाच महासरोवरांपैकी चार सरोवरं या राज्याला लागून आहेत, त्यामुळे आपल्याकडे दारात स्कूटर असावी तशी तिथे बोट असते. मुलाची बोट सतरा फुटी, फायबरग्लासची, दुसऱ्या हातातली. डेट्रॉइटजवळच्या घरून ती ओढत उत्तरेला जवळजवळ तीनशे मैल जायचं, मॅकिनॉचा पूल ओलांडायचा आणि पलीकडे ह्यूरॉन सरोवराच्या काठी हेसल नावाच्या गावात चार दिवस राहायचं, असा बेत होता. नातीनं पोहण्याचे कपडे आठवडाभर आधीच भरून ठेवले होते.

मुलानं लगेच फोनवर नवं कव्हर शोधलं. किंमत चारशे डॉलर, यायला आठ दिवस. गावातल्या कॅनव्हास शिवणाऱ्याकडे तीन आठवड्यांची रांग. "मग हार्डवेअरच्या दुकानातली निळी ताडपत्री आणतो आणि बांधतो," तो म्हणाला.

त्याला मी नको म्हटलं. इतका ठाम नकार मी मुलाला बऱ्याच वर्षांत दिला नसेल. त्याला कारण निव्वळ ताडपत्रीचं नव्हतं; ते पुढे सांगतो. पण ताडपत्रीबद्दलही मी चुकत नव्हतो. ती प्लास्टिकची ताडपत्री अंगणातल्या लाकडांवर घालायला ठीक. ताशी साठ मैलांच्या वाऱ्यात तिच्या कडेच्या पितळी कड्या उपटून येतात, मोकळा कोपरा चाबकासारखा फडफडतो आणि तासाभरात बोटीच्या अंगावरची चकाकी खरवडून काढतो. कव्हर फाटतं तेही बहुधा असंच. दोष कापडाचा कमी, ढिलाईचा जास्त. सैल कापड वाऱ्यात हलतं, काचेच्या टोकाशी घासत राहतं, आधीच उन्हानं त्याचा जीव गेलेला असतो, आणि एक दिवस चर्र होतं.

"बाबा, तुम्हाला हे कसं माहीत?" मुलानं विचारलं.

तो तीन वर्षांचा असताना, 1991 साली, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी बँकेत अधिकारी होतो. मासेमारीच्या होड्यांना दिलेली कर्जं थकली होती आणि त्यातली एक होडी मार्च महिन्यात आम्ही ताब्यात घेतली. लाकडी होडी. मालक भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, नेताव ती न्या, पन उघडी टाकू नका. ऊन खाईल तिला."

कोकणात होडी वर ओढली की तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालतात. लाकूड उन्हात सुकलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि मग पाण्यात सोडलेली होडी चाळणीसारखी भरते. हे मला तेव्हाही कळत होतं. वीसेक झाप लागले असते. पण जप्त मालावरचा हा खर्च कुठल्या खाती टाकायचा, हे शाखेत कुणाला ठरवता येईना. मी वर पत्र लिहिलं. मंजुरी आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. एप्रिल-मेच्या उन्हात फुटलेली आणि पावसानं भरलेली ती होडी श्रावणात लिलावात निघाली. कर्जाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही रक्कम आली नाही. उरलेली बाकी त्या माणसाच्याच नावावर राहिली. पुढे एका कादंबरीत मी हा प्रसंग घातला आणि त्यातल्या साहेबाला माझ्यापेक्षा बराच बरा माणूस करून टाकला. त्यातला साहेब स्वतःच्या खिशातून झाप आणतो.

हे सगळं मी मुलाला कव्हर शिवता शिवता सांगितलं. अंगणात सतरंजी पसरून आम्ही तिघं बसलो होतो. सुनेचं शिलाई मशीन जाड शिवणीवर अडून बसलं, तेव्हा सूत्रं आमच्या सौभाग्यवतींकडे गेली. गोधड्या शिवलेला हात तो. दुकानातून पॉलिएस्टरचा जाड दोरा आणला होता. सुती दोरा ओल्यानं कुजतो आणि नायलॉनचा उन्हानं कमजोर होतो. तसल्याच कापडाची दोन ठिगळं कापली, एक आतून, एक बाहेरून, चिरेच्या चहूबाजूंनी दोन-दोन इंच जास्त. ठिगळाचे कोपरे गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. बोटात अंगुस्तान घालून सौ.नी कडेनं दोन ओळी घातल्या, मग मधून गोधडीचा धावदोरा. टाक्यांच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली. ती लावण्याआधी कापड स्वच्छ पुसून कोरडं करावं लागतं. मी घाई केली, आणि ती चूक पुढे दिसलीच. काचेच्या ज्या टोकानं कव्हर फाडलं होतं, त्याला मुलानं स्पंजाचा तुकडा बांधला. खरा इलाज तोच. नाहीतर ठिगळही तिथेच फाटलं असतं.

मधल्या विश्रांतीत मी नातीला शब्दांच्या गमती सांगितल्या. कॅनव्हास हा शब्द लॅटिन भाषेतल्या भांगेच्या झाडाच्या नावावरून आला, कारण पूर्वी शिडाचं कापड भांगेच्या जातीच्या तागाचं असे. आणि तिच्या अंगातली डंगरी मुंबईच्या डोंगरीची, असं सांगतात. तिनं "ओके, आजोबा" म्हणून खेळायला धूम ठोकली.

निघताना कव्हराच्या कडेतली दोरी आवळली, पट्टे थेट ट्रेलरच्या सांगाड्याला बांधले, आणि पहिल्या वीस मैलांवर थांबून सगळं पुन्हा तपासलं. एक पट्टा सैल झाला होताच.

मॅकिनॉचा पूल 1957 साली खुला झाला. लिहिताना मॅकिनॅक, म्हणताना मॅकिनॉ. लांबी जवळजवळ पाच मैल. आतल्या मार्गिकांना डांबराऐवजी लोखंडी जाळी आहे आणि तिच्यातून दोनशे फूट खाली पाणी दिसतं. वारा जोराचा असला की ट्रेलरवाल्यांना सोबतीची गाडी देऊन पार करतात. त्या दिवशी वारा तेवढा नव्हता, तरी पूल संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मुलाची नजर रस्त्यावर आणि माझी मागच्या काचेतून ठिगळावर. मधल्या टप्प्यावर चिकटपट्टीचा एक कोपरा सुटून फडफडू लागला. माझ्या पोटात गोळा आला. टाके मात्र हलले नाहीत.

हेसलमध्ये जुन्या लाकडी बोटी जिवापाड जपतात. दर ऑगस्टमध्ये त्यांचं प्रदर्शन भरतं. आम्ही गेलो तेव्हा एका धक्क्यावर वार्निश केलेली लाकडी बोट छपराखाली उभी होती. मी तिच्याजवळ जरा जास्तच वेळ थांबलो असेन, कारण मुलगा येऊन शेजारी उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "माझी बदली झाली."

त्या रात्री पाऊस पडला. सकाळी कव्हर काढलं तर आत वाटीभर पाणी, तेही मी घाईनं लावलेल्या पट्टीखालचं.

परत आलो तेव्हा नवं कव्हर खोक्यात दाराशी येऊन पडलं होतं. ते चढवलं. जुनं आता गवत कापायच्या यंत्रावर घातलेलं असतं, असं मुलगा परवा फोनवर सांगत होता.