पी-२ प्रथिने

पी-२ प्रथिने : सूक्ष्मजंतूंच्या कोशिकेतील नायट्रोजनाच्या चयापचयाचे नियंत्रण करणारी प्रथिने. हिरव्या वनस्पतींच्या हरितकणूंतही ती आढळतात. अमेरिकेत ई. आर्. स्टॅटमन यांच्या प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकात एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या अर्कातील एक घटक स्तंभातून गाळला असता त्याचे दोन अंश वेगळे झाले. त्यांपैकी दुसरा तो पी-२. प्रथिनाच्या कार्याचा या नावावरून काहीच बोध होत नाही.

ए. कोलायमधील पी-२ ची संरचना क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने १९९४ मध्ये निश्चित झाली. प्रत्येकी ११२ ॲमिनो अम्लांच्या तीन एकसारख्या शृंखला मिळून ठेंगण्या पिंपासारखा रेणू बनतो. प्रत्येक शृंखलेचा एक लांब, लवचिक फास बाहेर आलेला असतो. त्यास टी-फास म्हणतात. लगतच्या शृंखलांमधील तीन खाचांत एटीपी किंवा एडीपी बसते. एटीपीशेजारी मॅग्नेशियमाच्या द्वारे २-ऑक्सोग्लुटारेट जोडले गेले की, टी-फासाची ठेवण बदलते. अमोनिया सामावून घेणारा कार्बनी सांगाडा या संयुगापासूनच मिळत असल्याने त्याचा साठा वाढणे हे नायट्रोजनाच्या टंचाईचे लक्षण होय. टंचाईत ग्लुटामीनही घटते व टी-फासातील ५१ व्या स्थानच्या टायरोसिनास यूरिडिलिल गट जोडला जातो. पी-२ कोणत्या प्रथिनास चिकटणार, हे मुख्यत्वे या फासावर ठरते.

हवेतील नायट्रोजनाच्या एका रेणूपासून अमोनिया बनविण्यास किमान १६ एटीपी रेणू खर्ची पडतात. म्हणून ॲझोस्पिरिलम ब्राझिलेन्स हा सूक्ष्मजंतू अमोनियम मिळताच हे काम थांबवितो. त्याच्यातील ग्लन-बी हे पी-२ प्रथिन ड्रा-टी या एंझाइमास चेतविते व त्यामुळे नायट्रोजनाचे स्थिरीकरण करणारे नायट्रोजिनेज निष्क्रिय होते. ते पुन्हा सक्रिय करणारे ड्रा-जी एंझाइम ग्लन-झेड या दुसऱ्या पी-२ प्रथिनामुळे कोशिकापटलाशी अडकून राहते. अमोनियम संपले की ते मोकळे होते. ड्रा-जी व ग्लन-झेड यांच्या जोडीची संरचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

ॲझोस्पिरिलम जिवाणू खत म्हणून वापरले जात असल्याने शेतकऱ्याचाही याच्याशी संबंध येतो. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यासारख्या द्राक्षपट्ट्यात नत्राची मात्रा जपूनच द्यावी लागते. खरड छाटणीनंतर ती जास्त झाल्यास शेंडेवाढ बळावते व काडीतील घडनिर्मितीस बाधा येते. अशा बागेत जिवाणू खताबरोबरच युरिया दिल्यास त्यापासून जमिनीत अमोनियम बनते आणि मुळांभोवतीचे सूक्ष्मजंतू जिवंत असूनही स्थिरीकरण बंद ठेवतात. मुळांची वाढ चेतविणारी द्रव्ये ते तयार करीत असल्याने खत सर्वस्वी वाया जात नाही; युरियाची अपेक्षित बचत मात्र होत नाही.