दस्ता लाकडी की प्लॅस्टिकचा?

अमेरिकेची एम-१४ रायफल व्हिएतनामच्या दमट जंगलात गेली आणि तिचा अक्रोडाचा दस्ता ओलावा पिऊन फुगू लागला. दस्ता फुगला की नळी आणि यंत्रणेवरचा दाब बदलतो, नेम सरकतो. मग फायबरग्लासचे दस्ते आले.

एम-१६ तर प्लॅस्टिकचा दस्ता घेऊनच जन्मली. सैनिकांनी तिला खेळणं ठरवलं. खेळणी बनवणारी मॅटेल कंपनीच ती बनवते, अशी आवईही उठली. अर्थात, खोटी!

सोव्हिएत कलाश्निकोव्हचे दस्ते पुढे बर्चचे पातळ थर चिकटवून केले जात. असं लाकूड सहसा वाकत नाही, त्यामुळे रशियनांना प्लॅस्टिकची घाई नव्हती. एके-७४ या कलाश्निकोव्हला जांभळट प्लॅस्टिक मिळालं ते १९८०च्या दशकात.

भारतीय जवानाच्या हातून लाकूड सुटलं ते एसएलआर रायफल जाऊन १९९०च्या दशकात इन्सास रायफल आल्यावर.