जुन्या मोटारीचा पत्रा

धान्याच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या पत्र्याविषयी लिहावे, याचे सभासद बंधुभगिनींस नवल वाटेल. परंतु तीर्थरूपांची फियाट घरी आहे, आणि तिच्यापायी या विद्येशी माझा परिचय घडला.

मोटारींचा शौक इंदूरला नवा नाही. श्रीमंत यशवंतराव होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग जगप्रसिद्धच आहे. तिचा सांगाडा अमेरिकेतला, तर वरचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्यात घडलेले. आमची गाडी सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. तिला निराळा सांगाडा नाही. जोडलेला पत्रा हाच तिचा कणा. दाराखालची पोकळ पट्टी गंजली की केवळ रूप नव्हे, गाडीचे बळच जाते.

हे मला कोठे ठाऊक! पहिल्या कारागिराने गंजावर लांबी भरून वर झकास रंग दिला. पोत्यात परखी खुपसून तळचा दाणा पाहणारा मी, रंगाला भुललो. पहिल्याच पावसाळ्यात फोड आले, आणि एके दिवशी नातीने पाय टेकताच तळाचा पत्रा खचला. सुदैवाने गाडी उभी होती.

दुसरा कारागीर वयोवृद्ध, बोलण्यास तुटक. त्याने प्रथम दारांच्या चौकटींत लोखंडी आडव्या सळ्या जोडल्या. त्यावाचून पट्टी कापली तर गाडी मधोमध वाकते व दारे पुन्हा लागत नाहीत. मग निरोगी पत्रा लागेपर्यंत गंज कापून काढला, पुठ्ठ्याचा नमुना कातरला व त्याबरहुकूम नवा पत्रा वळविला. मडगार्डाचा बाक मात्र नुसता वाकवून येत नाही. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ताणावा लागतो, आणि ठोकून ताठर झाला की तापवून मऊ करावा लागतो; तांब्याचे हंडे घडविणारे तांबटही हेच करीत. वेल्डिंगही तो सलग करीत नसे. येथे एक टाका, वीतभर दूर दुसरा. घाई केली तर उष्णतेने पत्रा लाटा धरतो.

काम तीन महिने चालले व खर्च पहिल्याच्या तिप्पट झाला. एवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती, असे चिरंजीव म्हणाले. हिशेबाने त्यांचे खरे होते. रंगापूर्वी मी छावणीतील दुकान अर्धा दिवस बंद ठेवून उघडा पत्रा पाहून आलो. कापलेली जुनी पट्टी कारागिराने हाती दिली, तिचा बोटांनीच भुगा झाला. पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजली होती, त्यामुळे ती आतून कुजली होती.

आता नात निर्धास्त मागे बसते, आणि मृगापूर्वी मी वाकून ती भोके काडीने मोकळी करतो.